मामा बोलतात, काका बोलतात. मग आई का नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला बाहेरचे कोणी विद्वान बोलवायचे आणि आपण सतरंजीवर बसून ऐकायचे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की आपल्यातल्याच एखादीने बोलावे, आणि नंबर माझा लागला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा मोठा विषय मला झेपायचा नाही, हे मी आधीच सांगितले. "मग कशावर बोलता?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "सिनेमावर." दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. हसा हो, पण शेवटपर्यंत ऐका. कारण मी नटनट्यांच्या कपड्यांवर बोलणार नाही. चौदा ते सतरा या वयातल्या मुलामुलींवर आजवर जे चित्रपट निघाले, त्यांतले मी पाहिले ते, आणि ते पाहून माझ्या मनात जे आले ते, एवढेच सांगणार आहे.

हे वय मोठे चमत्कारिक. मुलाला पाव्हण्यांच्या पंगतीत बसवावे तर तो लहान, आणि चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर वाढावे तर त्याला राग येतो. मुलगी आरशापुढे तासभर उभी राहते आणि हाक मारली की दार लावून घेते. कालपर्यंत आपल्या मांडीवर डोके ठेवणारे मूल आज आपल्याशी का बोलत नाही, हे कोडे आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी पडलेले आहे. सिनेमावाल्यांना हे कोडे फार आवडते. त्यातून हसू येते, रडू येते, गाणी करता येतात.

मराठीत या वाटेवरचा पहिला मोठा चित्रपट मी धरते तो "श्यामची आई". 1953 साली आचार्य अत्रे यांनी काढला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पहिल्यांदा मिळाले ते याच चित्रपटाला. वनमालाबाई आई झाल्या होत्या आणि माधव वझे श्याम. आपण सगळ्यांनी तो पाहून डोळे पुसले आहेत. पण मला त्यात रडण्यापेक्षा दुसरेच काही दिसते. त्यातली आई मुलाशी सारखी बोलते. पोहायला घाबरतो तेव्हा बोलते, चुकतो तेव्हा बोलते, गावातल्या म्हाताऱ्या, अस्पृश्य मानलेल्या बाईला हात लावून मदत कर म्हणून सांगते. घरात दारिद्र्य आहे, अंगात ताप आहे, पण मुलाला "तुला काय कळते, गप्प बस" असे म्हणून ती वाटेला लावीत नाही.

ही बोलणारी आई पुढच्या चित्रपटांत कुठे गेली, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आता "गुड्डी" घ्या. हृषीकेश मुखर्जी यांचा हा चित्रपट 1971 सालचा. मी तो लहानपणी दूरदर्शनवर पाहिला. गावात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओटीवर सगळी आळी जमत असे. जया भादुरीचे हिंदीत नायिका म्हणून हे पहिलेच काम. त्याचे संगीत आपल्या कोकणातल्या वसंत देसाईंचे, ज्यांनी "श्यामची आई"लाही संगीत दिले होते. शाळेत अजून प्रार्थनेला उभी राहणारी ही गुड्डी. खरे नाव कुसुम. तिला आई नाही. वडील, दादा आणि वहिनी यांच्यात वाढलेली. तिने मनाने ठरविलेले की आपले प्रेम धर्मेंद्रवर आहे. पडद्यावरच्या धर्मेंद्रवर! वहिनीचा भाऊ नवीन तिला मागणी घालतो, तर ती त्याला हे सरळ सांगते.

आपल्या घरी असे झाले असते तर काय झाले असते? एक थप्पड, आठ दिवस अबोला आणि लगोलग स्थळे पाहणे. पण इथे नवीनचे मामा आहेत, उत्पल दत्त. ते रागावत नाहीत आणि हसण्यावारीही नेत नाहीत. ते धर्मेंद्रलाच गाठतात आणि गुड्डीला स्टुडिओत नेऊन सगळे दाखवितात. पडद्यावर जो उंचावरून उडी मारतो त्याच्या जागी दुसराच गरीब माणूस हाडे मोडून घेतो, हे तिला दिसते. नायक व्हायला घरातून पळून आलेला मुलगा गर्दीत उभा राहून पोट भरतो, हे दिसते. आणि पडद्यावरचा दुष्ट माणूस प्राण प्रत्यक्षात सज्जन आहे, हेही दिसते. मुलीचे वेड उतरते, पण तिचा अपमान कुठेही होत नाही. मला हे फार मोठे वाटते. वेड घालविणे सोपे आहे. मुलीचा मान राखून ते घालविणे अवघड आहे. आज धर्मेंद्रच्या जागी मोबाईलमधला कोणी असेल, पण औषध तेच लागू पडेल.

दोनच वर्षांनी, 1973 साली, राज कपूर यांचा "बॉबी" आला. इथे बसलेल्या वडीलधाऱ्या बायकांना त्यातले कपडे अजून आठवत असतील. डिंपल तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती. त्यातल्या मुलाचे आईबाप श्रीमंत, पार्ट्यांत दंग. मुलाला माया लावली ती सांभाळणाऱ्या बाईने. ते काम दुर्गाबाई खोटे यांनी केले. घरचे ऐकत नाहीत म्हणून दोघे मुले पळतात, पाण्यात उड्या घेतात, तेव्हा कुठे दोन्ही बाप मागोमाग उडी टाकून त्यांना वाचवितात. म्हणजे बापांना बोलायला मुलांनी जीव द्यायला निघावे लागले! पुढे "एक दूजे के लिये" 1981 साली आला, "कयामत से कयामत तक" 1988 साली, आणि त्यांत तर प्रेम करणारी दोघे शेवटी मेलीच. 1992 च्या "जो जीता वही सिकंदर"मध्ये मात्र जरा मोकळा श्वास मिळाला. उनाड धाकटा भाऊ थोरल्या भावासाठी सायकलच्या शर्यतीला उतरतो, मस्ती करता करता माणूस होतो. त्यातही घरात बाप आहे, भाऊ आहे, आई नाही.

आता आपल्या मराठीकडे येते. "दहावी फ" हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2002 सालचा चित्रपट. शेवटच्या तुकडीत टाकलेली मुले रागाच्या भरात शाळेची प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णी यांनी केलेले शिक्षक त्यांना झोडपीत नाहीत. नुकसान कष्टाने भरून द्यायची वाट दाखवितात. इथे मास्तर बोलले.

"शाळा" हा सुजय डहाके यांचा चित्रपट 2012 च्या जानेवारीत लागला. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून काढलेला. आणीबाणीच्या दिवसांतली नववीची मुले. जोशी नावाचा मुलगा आणि शिरोडकर नावाची मुलगी. दोघांची सारी गोष्ट चोरून बघण्यात आणि क्लासला जाता येता चार शब्द बोलण्यात जाते. जोशीच्या मनातले कोणाला सांगावे? तर नरूमामाला. मामा भाच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. शेवटी वडिलांची बदली होते आणि शिरोडकर गाव सोडून जाते. जोशी किती उदास झाला ते आपल्याला दिसते. पण भगिनींनो, मला तो चित्रपट पाहून झोप लागली नाही ती शिरोडकरमुळे. सामान बांधताना तिच्या मनात काय होते? ते तिने कोणाला सांगितले? तिला मामा होता का? चित्रपट मुलाच्या डोळ्यांनी पाहतो, म्हणून मुलगी आपल्याला नेहमी लांबूनच दिसते.

"बालक-पालक" हा रवी जाधव यांचा चित्रपट 2013 सालचा. तो मी मुलांना झोपवून, आवाज बारीक करून पाहिला होता. नंतर माझ्या मुलीने तो माझ्याआधीच पाहिला असल्याचे कळले! चाळीतली चार मुले, दोन मुलगे नि दोन मुली. चाळीतल्या एका ताईवर काही प्रसंग येतो, मोठी माणसे कुजबुजतात, आणि मुलांनी विचारले की त्यांना हुसकून लावतात. मग मुले काय करतील? ती आपल्याहून थोराड अशा विशूकडे जातात आणि भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर नको ते पाहतात. हसता हसता पोट दुखते, पण हळूहळू हसू ओसरते. त्या चौघांची निर्मळ मैत्री गढूळ होते. शेवटी आईबापांना चार शब्द सुनावतात ते चाळीतले कदमकाका. मुलांना आपण सांगितले नाही म्हणून ती बाहेर शिकली, हे त्यांचे म्हणणे. किती साधे, पण चाळीतल्या एकाही आईला ते सुचले नाही!

पुढच्याच वर्षी आलेल्या "टाइमपास"मध्ये दहावी नापास झालेल्या दगडूचे काम विशू झालेल्याच प्रथमेश परबने केले. त्यावर आपण खूप हसलो. त्यातही वडिलांचा धाक आहे, बोलणे नाही.

आता मोजा पाहू. गुड्डीला मामा. जोशीला मामा. चाळीतल्या मुलांना काका. दहावी फ ला मास्तर. बोलायला सगळीकडे पुरुष. आई कुठे आहे? आई स्वयंपाकघरात आहे, किंवा देवाघरी आहे, किंवा दाराआड उभी राहून डोळे पुसते आहे.

एक चित्रपट मात्र मला वेगळा वाटला. "किल्ला", अविनाश अरुण यांचा. आपल्याकडे तो 2015 साली लागला. त्याआधी 2014 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला स्फटिक अस्वलाचे बक्षीस दिले. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिनू आणि बदली होऊन कोकणात आलेली त्याची आई. अमृता सुभाष यांनी ती आई केली. ती नोकरी करते, कचेरीत तिला त्रास आहे. मुलाला नवी शाळा, नवे मित्र, आणि पोटात वडिलांचे दुःख. दोघेही आपले दुःख एकमेकांपासून लपवितात. एकमेकांना त्रास नको म्हणून! आपल्या घरांत असेच चालते की नाही? न बोलण्यात माया असते, हे खरे. पण त्या मायेने मूल एकटे पडते, हेही खरे.

"फँड्री" आणि "सैराट" हे नागराज मंजुळे यांचे चित्रपट, 2014 आणि 2016 सालचे. ते पाहून मन सुन्न होते. फँड्रीतल्या जब्याला वर्गातली शालू आवडते, पण जातीमुळे त्याच्या घरादाराला डुकरे धरावी लागतात. काळी चिमणी मारून तिची राख टाकली की मुलगी वश होते, असे त्याला कोणी सांगितलेले; बिचारा रानोमाळ चिमणीमागे फिरतो. खरे सांगणारे कोणी नसले की मूल चिमणीच्या राखेवर विश्वास ठेवते. आणि सैराटमधली आर्ची? ती ट्रॅक्टर चालविते, कोणाला भीत नाही. पळून जाऊन संसार थाटते, मूल होते. मग एक दिवस आईला फोन करून नातवाचा आवाज ऐकविते. त्यानंतर माहेरची माणसे भेटी घेऊन दारात येतात, आणि पुढे काय होते ते आपण पाहिले आहे. आईलेकीचे बोलणे सुरू झाले, पण किती उशिरा! त्या आईने मुलगी घरात होती तेव्हा काही विचारले असते तर जात मोडली असती असे मी म्हणत नाही. पण त्या मुलीला निदान घरात एक माणूस असते.

तुम्ही म्हणाल, बाई, सिनेमा वेगळा नि घर वेगळे. म्हणून घरचे एक सांगते. मी सातवीत असताना शहाणी झाले. मला आधी कोणी काही सांगितले नव्हते. आजी म्हणाली, "कावळा शिवला." मी खरोखरच कावळ्याला भिऊ लागले. पुढे कित्येक दिवस अंगणात कावळा ओरडला की मी डोक्यावर परात धरून जात असे. तुम्ही हसता, पण तुमच्यापैकी कितीजणींनी अशीच परात धरली असेल! गावची शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल दुसऱ्या गावी. शहाण्या झालेल्या मुलीला इतक्या लांब कशी पाठवायची, म्हणून माझे दप्तर फळीवर गेले. मुलगी शहाणी झाली म्हणतात आणि शहाणपणाचे मात्र तिला काहीच सांगत नाहीत, हे मला अजून उमगलेले नाही. "शाळा"मधली ती नववी मी पहिल्यांदा पाहिली ती पडद्यावर.

मी आईला किंवा आजीला दोष देत नाही. त्यांना तरी कोणी सांगितले होते? त्यांच्याकडे शब्दच नव्हते. कावळा, बाहेरची, दूर बसणे, हे सगळे झाकायचे शब्द. आपल्या मुलांच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र हे सारे धड्यासारखे दिले आहे. माझी मुलगी दहावीत आहे. मी तिला तो धडा मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला. पहिल्या दिवशी ती लाजली, मीही लाजले. दुसऱ्या दिवशी तिने मलाच दोन प्रश्न विचारले. तिसऱ्या दिवसापासून ती भाजी निवडायला माझ्याजवळ बसू लागली आहे. माझ्या मुलाशी त्याचे वडील बोलतात. पण काही गोष्टी मुलगेही आईलाच विचारतात, असे मला दिसले.

आणि हे बोलणे नुसते मायेसाठी नाही, त्यात धोकाही आहे. सिनेमात सोळाव्या वर्षी पळून जाणे गाण्यासारखे गोड दिसते. कायदा वेगळे सांगतो. मुलीच्या लग्नाचे वय 18 आणि मुलाचे 21. शिवाय 2012 साली झालेल्या पोक्सो कायद्याने 18 च्या आतील प्रत्येक मुलगा आणि मुलगी बालकच धरले जाते. मुलीने "मी आपखुशीने गेले" असे सांगितले तरी संबंध आला असेल तर गुन्हा होतो. सतरा वर्षांच्या मुलीबरोबर पळालेला वीस वर्षांचा मुलगा नायक ठरत नाही, तो आरोपी ठरतो, आणि दोन घरे कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. मुलगेवाल्या आयांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मुलींना सावध करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मुलग्यांना सांगायची नाही.

तेव्हा मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपण दर महिन्याला भिशी करतो, हळदीकुंकू करतो. महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या खोलीत मुलांना बरोबर घेऊन एक चित्रपट पाहू. चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर आता नुसते यूए नसते. 2024 पासून त्यात 7, 13 आणि 16 असे वयाचे भाग केले आहेत, ते पाहून निवड करता येईल. लहान मुले असतील तेव्हा "श्यामची आई", "किल्ला". मोठ्यांसाठी "गुड्डी", "दहावी फ", "शाळा". "बालक-पालक" मात्र आधी आपण आयांनी पाहावा आणि मग मुलांना घेऊन पाहावा. नंतर चहा-चिवडा ठेवू. चिवडा खाताना मुले बोलतात, असा माझा अनुभव आहे. समोर बसवून विचारले की गप्प होतात. एकच नियम असावा. त्या दिवशी मुलाने काही विचारले तर "नंतर सांगते" म्हणायचे नाही. ठाऊक नसेल तर "मला ठाऊक नाही, आपण विचारू" असे म्हणावे. आपल्या मंडळात परिचारिका आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, त्या सांगतील.

काही जणींना वाटेल, सिनेमा दाखवून मुले बिघडतील. मला तसे वाटत नाही. ती सिनेमा पाहतातच, हातात मोबाईल आहे. प्रश्न एवढाच की ती एकटी पाहतात की आपल्याबरोबर. आपण शेजारी असलो की नको त्या ठिकाणी आपण खोकतो, पुढे हसतो, आणि त्या खोकण्याहसण्यातूनच बोलणे सुरू होते. विनोदाचा हाच मोठा उपयोग. जी गोष्ट गंभीरपणे काढली तर मूल उठून जाईल, ती हसता हसता काढता येते.

पुढेमागे एखादी मराठी बाई असा चित्रपट काढील की ज्यात मुलीच्या मनातले आपल्याला आतून दिसेल आणि तिच्याशी बोलायला मामा नव्हे, काका नव्हे, तिची आईच बसलेली असेल. तो जेव्हा निघेल तेव्हा निघेल. तोवर आपल्या घरात ते काम आपण करू या. त्याला सातवीचे शिक्षण पुरते, हे मी स्वतः करून पाहिले आहे.